गढीखालचा मेढेकोट

माधव,

रेणुकाचा फोन आला तेव्हा तू दाढी करत होतास. फोन माझ्या मोबाइलवर होता, पण ती इतकी मोठ्यानं बोलत होती की बेसिनपाशी उभ्या असलेल्या तुलाही सगळं ऐकू गेलं. "मॅडम, चरात डाग आलेत! गोल, ओळीनं. रात्री पाऊस झाला ना अवेळी, त्यानं रंग एकदम उठून आलाय. ऊन चढलं की जाईल सगळं. सरांना घेऊन येता?"

तू एका गालावर साबण तसाच ठेवून बाहेर आलास. दारामागचे बूट ओढलेस, खाली वाकलास आणि नाड्या बांधायला लागलास. वाकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वर्षभरात तुला इतकं भरभर काही करताना मी पाहिलं नव्हतं.

"कुठं निघालास?"

"कुठं म्हणजे? ऐकलं नाहीस?"

"दोन मजले कोण उतरणार?"

"मीच. उतरणं सोपं असतं. चढायचं संध्याकाळी बघू."

"माधव, नगर रस्त्याची ती गर्दी, तो धूर. पुढे गढीचा चढ. दुसऱ्या झटक्यानंतर डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डॉक्टरांना मेढेकोट म्हणजे काय ते माहीत आहे का?"

"मला माहीत आहे. आणि मी नाही म्हणतेय."

तू मान वर करून माझ्याकडे पाहिलंस. मी भांडायच्या तयारीत होते. आपण आयुष्यभर खापराच्या एका तुकड्यावरून दोन दोन दिवस भांडलो. हे तर त्याहून कितीतरी मोठं होतं. माझी उत्तरं तयार होती. तू ती वापरायची वेळच आणली नाहीस. नाड्या सोडल्यास, बूट एकाशेजारी एक नीट ठेवलेस आणि म्हणालास, "बरं. तू जा. नीट बघून ये." मग उरलेली दाढी करायला परत गेलास.

मला वाटलं, मी जिंकले. सुटल्यासारखंही वाटलं. रिक्षात बसल्यावर तर मला स्वतःचं थोडं कौतुकच वाटत होतं, की किती वेळेवर अडवलं याला.

तू गेल्यापासून मी त्या सकाळपाशीच आहे. भेटायला येणाऱ्यांशी बोलते, चहा करते, कागदांवर सह्या करते, पण मनानं मी दारात उभी असते आणि तू नाड्या सोडत असतोस. तू भांडला असतास तर बरं झालं असतं. आरडाओरडा केला असतास, माझं न ऐकता निघाला असतास, तर मी मागून गोळ्यांची पिशवी घेऊन धावले असते. तुला ते माहीत होतं. तरी तू भांडला नाहीस.

*

आपण पहिल्यांदा गढीवर गेलो ते तुझ्या त्या करकरणाऱ्या स्कूटरवरून. तेव्हा वाघोलीसुद्धा गाव होतं आणि त्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती ज्वारी. हमरस्ता सोडून आत गेलं की लांबूनच ती दिसायची: पांढरट मातीचा उंच ढिगारा, वर ढासळलेले दोन बुरूज, त्यांच्यावर निवडुंग. आपलं लग्न ठरलं होतं, झालं नव्हतं. सगळी जोडपी पर्वतीला नाहीतर सारसबागेत जायची. तू मला मातीचा ढीग दाखवायला नेलंस.

गावातले लोक घरांच्या सपाट धाब्यांवर घालायला तिथली पांढरी माती नेत असत. त्यानं गढीची एक कड सरळ कापल्यासारखी झाली होती. तू त्या कडेसमोर उकिडवा बसलास आणि बराच वेळ हललाच नाहीस. मग मला जवळ बोलावून बोट दाखवलंस. फिकट मातीत वरून खाली गेलेला एक काळसर पट्टा होता, मनगटाहून जाड.

"हा खांब," तू म्हणालास. "कुजून गेलेला. लाकूड गेलं, त्याची जागा राहिली."

"हे उंदराचं बीळ आहे," मी म्हटलं.

तू इतक्या जोरात हसलास की शेजारच्या शेतातून एक तरुण आपल्याकडे आला. कमरेला करगोटा आणि अर्धी चड्डी, हातात खुरपं. "सोनं हुडकताय का?" त्यानं विचारलं. "न्हाई, असलं तर अर्धं आमचं. गढी आमची हाय." ते बाळासाहेब. गढीची जमीन त्यांच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या. पुढे आपण जितक्या वेळा तिथं गेलो तितक्या वेळा त्यांनी तोच प्रश्न विचारला आणि तू तेच उत्तर दिलंस: "सोनं नाही हो, भोकं हुडकतोय." त्यांना ते कधीच खरं वाटलं नाही.

तुझं म्हणणं साधं होतं. वर दिसते ती देशमुखांची गढी, मातीच्या जाड तटाची. ती फार जुनी नाही. पण तिच्या पोटात त्याहून जुना कोट आहे, आणि तो मेढेकोट आहे. मेढ म्हणजे जाड खांब. खंदक खणायचा, निघालेली माती आतल्या अंगाला बांधासारखी रचायची, बांधात मेढी ओळीनं पुरायच्या आणि मधल्या फटी मातीनं बुजवायच्या. दगड नको, चुना नको, गवंडी नको. गावातली माणसं एका उन्हाळ्यात उभा करतील असा किल्ला. "किल्ला म्हटलं की आपल्या लोकांना डोंगर लागतो आणि कातळ लागतो," तू तावातावानं सांगायचास. "सपाटीवर राहणाऱ्यांना जीव नव्हता का? त्यांनी काय केलं असेल? हाताशी जे होतं त्याचाच कोट केला असणार. तो राहिला नाही, म्हणून आपण तो मोजत नाही."

मला हे ऐकायला आवडायचं. पटायचं मात्र नाही. माझं काम खापरांचं. गढीच्या तळाशी मिळालेली खापरं मी धुतली होती, जुळवली होती. ती सगळी रोजच्या स्वयंपाकाची होती. चुलीवर काळी पडलेली मडकी, रांजणांचे काठ. माझ्या मते तिथं आधी साधं गाव होतं आणि खांबाच्या खुणा असल्याच तर त्या गुरांच्या कुंपणाच्या. "गुरांसाठी एवढे जाड खांब कोण पुरतो?" तू म्हणायचास. "ज्याच्याकडे लाकूड आहे तो," मी म्हणायचे. मग चहा गार व्हायचा.

एका परिषदेत तू त्यावर निबंध वाचलास. शेवटी प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा तिसऱ्या रांगेतून मी हात वर केला. "वक्त्यांनी दाखवलेली एक तरी खूण कापून तिचा छेद घेतलाय का? आडवा, उभा, कुठलाही?" सभागृहात खसखस पिकली. अध्यक्ष म्हणाले, "हे घरी मिटवता आलं नसतं का?" आणि तू माइक जवळ ओढून म्हणालास, "घरी मला बोलू देत नाहीत, म्हणून तर इथं आलो." सगळ्यात मोठ्यानं तूच हसलास. परत येताना शनिवार पेठेत वळलो तेव्हा म्हणालास, "नंदा, तुझी शंका बरोबर आहे. छेद घेतल्याशिवाय मी ते लिहिणार नाही."

आणि खरंच लिहिलं नाहीस. दख्खनच्या गढ्यांवरचं तुझं पुस्तक निघालं, चांगलं निघालं. त्यात मेढेकोटाचं प्रकरण नव्हतं. एक तळटीप होती. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला. कुठला नवरा बायकोच्या शंकेसाठी आपलं आवडतं प्रकरण बाजूला ठेवतो? लोकांशी ओळख करून देताना तू म्हणायचास, "ही नंदा. माझी शंका." त्यांना कळायचं नाही, आपल्याला कळायचं. माझं इतकं मनापासून कुणी ऐकून घेतलं नाही, ना माहेरी, ना खात्यात. ते तूच केलंस. त्याचं मोल मला कळत होतं. तुला ते किती महाग पडलं, हे मात्र मी कधी विचारलं नाही.

*

पहिल्या झटक्यानंतर तू काठी नाकारलीस, दुसऱ्यानंतर ती घेतलीस. तिथून पुढे मी बदलले. तुझ्या पानातलं लोणचं काढलं. मीठ काढलं. जिना बंद केला. तुझे विद्यार्थी यायचे तेव्हा मी घड्याळाकडे बघत बसायचे आणि तुझा आवाज चढला की मध्येच म्हणायचे, "पुरे आता." ते ओशाळून उठायचे. तू खिडकीतून खाली रस्ता बघायचास.

त्यातच गढी जाणार अशी बातमी आली. बाळासाहेबांच्या मुलांनी जमीन बांधकामाला द्यायची ठरवली होती. बाळासाहेब स्वतः सांगायला घरी आले, पांढरे कपडे, पायांत नवे बूट, कोचावर अवघडून बसलेले.

"सर, पोरं म्हणत्यात, चहुबाजूंनी इमारती झाल्या, आपण मातीचा ढीग किती दिवस धरून बसायचा? मला त्येंना न्हाई म्हनता येईना. पण तुमची ती भोकं हुडकायची ऱ्हायल्यात. तवा दिवाळीपातूर काय उकरायचं ते उकरून घ्या."

तुझे डोळे भरून आले होते. दुःखानं की आनंदानं, मला सांगता येणार नाही. तू लगेच रेणुकाला फोन केलास. रेणुका आपली विद्यार्थिनी, आता स्वतः उत्खननं करते. तिनं परवानगीची धावपळ केली, माणसं जमवली. रोज संध्याकाळी ती तुला फोनवर सगळं सांगायची आणि तू डोळे मिटून ऐकायचास. आधी दिवाळीपर्यंत म्हणून मिळालेली मुदत बाळासाहेबांनी मुलांशी वाद घालून लांबवून दिली. तरी तटाखाली काही सापडेना. "अजून खाली जा," तू सांगायचास. "तटाचा पाया संपला की त्याच्याही खाली."

एकदा तू मला म्हणालास, "एकदाच नेशील?"

"थंडी कमी होऊ दे," मी म्हटलं.

थंडी कमी झाली. मग मी म्हटलं, धूळ फार आहे. तू पुन्हा विचारलं नाहीस. आणि मग ती सकाळ आली.

*

मी पोचले तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. चर खोल होता, शिडीवरून उतरावं लागलं. माझे गुडघे कुरकुरले पण उतरले. रेणुकानं चराच्या तळावर ओलं गोणपाट टाकून ठेवलं होतं. तिनं आणि तिच्या माणसांनी ते दोन्ही बाजूंनी धरून हळूच उचललं.

माधव, मी पाहिलं. पिवळसर मातीत काळे गोल होते. एक, त्याच्याशेजारी दुसरा, मग तिसरा, अशी ओळ चराच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली होती आणि देशमुखांच्या तटाखाली शिरत होती. तट त्यांच्यावर बसला होता. म्हणजे गोल आधीचे, तट नंतरचा. याला माझ्यासारखीनंसुद्धा काय हरकत घ्यायची?

रेणुका माझ्या तोंडाकडे बघत होती. बाळासाहेब वर काठावर उभे होते. "सर न्हाई आले?" त्यांनी विचारलं.

"त्यांना झेपणार नाही," मी म्हटलं.

त्यांनी नुसती मान हलवली.

रेणुकानं तुला व्हिडिओ कॉल लावला. तुझा चेहरा दिसला, गुळगुळीत दाढी केलेला, परिषदेला निघाल्यासारखा शर्ट घातलेला. घरातल्या घरात तू तो धुवट शर्ट घालून बसला होतास. मी फोन गोलांवर धरला.

"नंदा, तुझी सावली पडतीये. बाजूला हो."

मी बाजूला झाले.

"आता उजेड फार येतोय. मला नुसतं पिवळं दिसतंय."

रेणुकानं छत्री धरली. मग तुला सगळंच काळं दिसायला लागलं. चित्र अडकत होतं, तुझा आवाज तुटत होता. शेवटी तू म्हणालास, "राहू दे. मला नाही दिसत. तू बघतीयेस ना? तू सांग."

सगळे थांबले होते. रेणुका, खोदणारी माणसं, वर बाळासाहेब. तू आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे माझे डोळे मागत होतास. तुला 'हो' हवं होतं. नुसतं 'हो'. ते म्हणायला एक क्षण पुरला असता, आणि मनातून ते मला वाटतही होतं.

मी म्हटलं, "गोल डाग आहेत. एका ओळीत. तटाच्या खाली जातायत. पण..."

"पण काय?"

"पण कापून बघितल्याशिवाय खात्री देता येणार नाही."

मला वाटलं, फोन पुन्हा अडकला. मग तुझा आवाज आला, अगदी स्वच्छ.

"बरोबर आहे," तू म्हणालास.

मी खोटं बोलले नाही. आपण दोघांनी वर्गात शिकवलेलं, तेच मी बोलले. त्याबद्दल मला कुणी दोष देणार नाही, तूही दिला नाहीस. पण मी तिथं पुरातत्त्वाची अभ्यासक म्हणून उभी होते आणि तू घरी इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला माझा नवरा होतास. अभ्यासक आणि बायको, दोघींपैकी एकीनंच उत्तर दिलं.

संध्याकाळी घरी आले तेव्हा तू कुकर लावून ठेवला होतास. मी तुझ्यासाठी रुमालात थोडी माती आणली होती, गोलातली काळी आणि बाहेरची पिवळी, वेगवेगळ्या पुड्यांत. तू दोन्ही चिमटीत घेऊन चोळल्यास, हुंगल्यास. जेवायला बसल्यावर विचारलंस, "खांब केवढा?"

मी रॅकमधून लहान ताटली काढून दाखवली. "एवढा."

"एवढा?" तू ती हातात घेऊन फिरवलीस. "गुरांच्या कुंपणाला?"

"कापल्यावर कळेल."

"हो. कापल्यावर कळेल." आणि तू हसलास. जेवण झाल्यावर ती ताटली तूच धुवून ठेवलीस, मी नको म्हणत असताना.

ते हसू कसलं होतं, माधव? माझ्या चेहऱ्यावर तुला उत्तर दिसलं होतं का? इतकी वर्षं माझा चेहरा वाचत आलास, त्या दिवशीही वाचला असशील, असं मी स्वतःला सांगते. रात्री पटतं, सकाळी पटत नाही.

*

त्याच आठवड्यात तू गेलास. पेपर वाचत बसला होतास. मी स्वयंपाकघरातून हाक मारली, चहा झालाय म्हणून. तू ओ दिली नाहीस. मला वाटलं, नेहमीसारखं लक्ष नाही. मी चिडले. दुसरी हाक रागानं मारली, "माधव, ऐकू येतंय का!" ती तुला मारलेली शेवटची हाक. ती तू ऐकली असशील की नाही, हे मला ठाऊक नाही, आणि ऐकली नसावीस अशी मी प्रार्थना करते. प्रार्थना करायची सवय नाही मला, तुला माहीतच आहे.

तुझ्या शोकसभेला सभागृह भरलं होतं. लोक चांगलं बोलले. प्रत्येकानं शेवटी माझ्याकडे वळून तेच सांगितलं: वहिनींनी त्यांना फुलासारखं जपलं, त्यांच्यामुळे सरांना आणखी एक वर्ष मिळालं. माझ्यावर बोलायची वेळ आली. मी उभी राहिले, सगळ्यांचे आभार मानले आणि बसले. लोकांना वाटलं, शोक अनावर झाला. तसं नव्हतं. मी मनात हिशेब करत होते, की ते वर्ष तू घालवलंस कुठं? तर खिडकीत. मी तुला वर्ष मिळवून दिलं आणि त्यातला तुला हवा असलेला एकच दिवस काढून घेतला. डॉक्टर म्हणतात, कुठंही असते तरी हे झालंच असतं, घरी किंवा बाहेर. त्यांना वाटतं त्यानं मला धीर येईल.

तुझं सगळं उरकल्यावर रेणुका घरी आली. मधल्या काळात चरात पाणी उतरलं होतं, ते ओसरल्यावर तिला गोल कापता आले. ती कोचाच्या कडेवर बसली, सांगावं की सांगू नये अशा चेहऱ्यानं.

"बोल," मी म्हटलं. "कापलेस ना?"

"कापले, मॅडम. प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी दगड ठासलेत, गोलाकार. खांब हलू नये म्हणून. आणि दोन खड्ड्यांत खांबाचं बूड मिळालं. जळून कोळसा झालेलं. खड्ड्यांच्या बाहेरच्या बाजूला उतार लागलाय. खंदकच वाटतोय."

तिनं फोनवर फोटो दाखवला. पहिल्यांदा क्षणभर, माधव, मला निव्वळ आनंद झाला. दुसरं काहीच नाही. मी "ऐकलंस का" म्हणत आतल्या खोलीकडे वळलेसुद्धा. मग रेणुकानं माझा हात धरला.

कोळसा तपासायला गेला आहे. काळ किती जुना ते कळायला वेळ लागेल. मेढेकोट कुणी बांधला, कुणाला भिऊन बांधला, तो जळला की जाळला, हे कदाचित कळणारच नाही. आणि माझी स्वयंपाकाची खापरं अजून त्याच थरात आहेत. त्यांचं काय, हे तुझ्या पद्धतीनं अजूनही सुटत नाही. कोटाच्या आत बायका चुली पेटवत असणार, असं तू म्हणाला असतास. हे उत्तर मला आधी सुचलं नव्हतं. तुझं न लिहिलेलं प्रकरण रेणुका आणि मी लिहायला घेतलं आहे. वर नाव तुझं. त्यात जिथं मला पटत नाही तिथं मी तसं म्हणणार आहे. गोड बोलून तुझा मान राखणं मला जमायचं नाही.

*

परवा मी गढीवर गेले. पुढच्या महिन्यात ती सपाट होईल. एका बाजूला यंत्र येऊन उभं आहे. वर जायची जुनी पायवाट कापली गेलीये आणि आता तिथं सैल मातीचा उभा चढ झालाय. मी खाली उभी राहून वर पाहिलं. गुडघ्यांकडे पाहिलं.

"रेणुका, मला नाही जमणार गं. इथूनच बघते."

"इथून काय दिसतंय?" बाळासाहेब म्हणाले. ते मागून आले होते, मला कळलंच नाही. तुझ्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही, सांत्वनाचं काही बोलले नाहीत. नुसते माझ्याशेजारी उभे राहिले. मग त्यांनी वळून हाक मारली. त्यांच्या शेडमधून कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची आणली, लग्नाकार्यात असते तसली, पांढरी.

"बसा."

"अहो, नको. काहीतरीच काय?"

"बसा, मॅडम. काय वजन हाय तुमचं?"

मी बसले. चौघांनी चार बाजूंनी खुर्ची धरली. कुणी 'एक, दोन' म्हणालं नाही, कुणाला धाप लागली नाही. ते आपापसात क्रिकेटबद्दल बोलत होते. खुर्ची जराशी डुलली, माझे पाय जमिनीवरून सुटले, आणि बघता बघता मी वर होते. त्यांनी मला चराच्या काठाशी अलगद टेकवलं, तुझ्या मेढींच्या बरोबर समोर.

बाळासाहेब मागून काठी टेकत चढून आले. त्यांनाच दम लागला होता. जरा थांबून ते म्हणाले, "सरांनाबी असंच आणलं असतं आमी. घराच्या जिन्यावरनं खाली, गाडीत, आन्‌ हितं असं वर. चार पोरं धाडली असती पुण्याला. तुमी नुसता एक फोन करायचा होता."

त्यांनी ते मला लागावं म्हणून म्हटलं नव्हतं. ते खाली चराकडे बघत होते.

वर्षभर मी चढ मोजला, जिने मोजले, धूळ मोजली. जाता येईल की नाही, एवढंच बघत राहिले. तुला कुणी उचलून नेऊ शकेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी कुणाला विचारलंच नाही.

रेणुका शिडीवरून खाली उतरून गोणपाट उचलत होती. मी खुर्चीतून उठले नाही. बाळासाहेबांना वाटलं, मला चक्कर येतीये. ते वाकून म्हणाले, "मॅडम, दमला का? पानी आनू?"

"नाही हो," मी म्हटलं. "मला कुठं चालावं लागलं?"